साइन की कॉस: विस्थापनाच्या गणितातला हा घोळ आला कुठून

विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर आणि दिशा, काढताना कुठल्या तुकड्याला साइन लावायचा आणि कुठल्याला कॉस यात मुलं नेहमी गोंधळतात. पुस्तकात आधी सदिशांचा (इंग्रजीत व्हेक्टर, किती आणि कुठल्या दिशेला हे दोन्ही सांगणाऱ्या राशींचा) धडा आणि मग विस्थापनाची गणितं, त्यामुळे सदिश आधी सापडले आणि मग ते प्रवासाला लावले असं वाटतं. झालंय उलटं. तिरका प्रवास दोन काटकोनी तुकड्यांत मोडायचा आणि तुकड्यांची वेगवेगळी बेरीज करायची हे खलाशी लोक 'व्हेक्टर' शब्द यायच्या चारशे वर्षं आधी करत होते. 1436 च्या एका व्हेनिसच्या नकाशासंग्रहात त्याचं तयार कोष्टक आहे. होकायंत्राचे 32 भाग, ठरलेल्या दिशेपासून एक भाग म्हणजे सव्वाअकरा अंश सरकून 100 मैल गेलात तर पुढे 98 आणि बाजूला 20, तीन भाग सरकलात तर 83 आणि 55. आज आपण याला कॉस आणि साइन म्हणतो, त्यांना त्रिकोणमिती यायची गरजच नव्हती.



सदिश बाणांनी दाखवून बेरीज करताना बाणाच्या टोकाला पुढच्या बाणाची शेपटी लावायची ही रीत 1797 मध्ये कोपनहेगनला वाचलेल्या एका निबंधात अगदी स्वच्छ मांडलेली आहे, आणि लिहिणारा कोण तर जमीन मोजून नकाशे करणारा सर्व्हेअर! निबंध डॅनिशमध्ये, त्यामुळे जवळपास शंभर वर्षं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग 1843 मध्ये डब्लिनच्या एका गणितज्ञाला चार भागांची संख्या सुचली, तिच्यातल्या दिशावाल्या तीन भागांना मिळून त्याने पुढे व्हेक्टर म्हटलं. लॅटिनमध्ये अर्थ वाहून नेणारा, म्हणजे बिंदूला इथून उचलून तिथे नेणारा. शब्दाच्या पोटातच विस्थापन आहे, बल नाही. 1880 च्या दशकात एका अमेरिकन प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या नोट्समध्ये आणि तिकडे इंग्लंडात तार कंपनीतून बाहेर पडलेल्या एका एकलव्याने चौथा, बिनदिशेचा भाग छाटून टाकला, त्यावर 1890 च्या दशकात जोरदार भांडणं झाली, आणि 1901 मध्ये त्या नोट्सवरून पुस्तक आलं. आज वर्गात शिकवतात ते हेच.

आता खरा घोळ. गणितवाले कोन एक्स अक्षापासून, म्हणजे नकाशावर पूर्वेपासून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. खलाशी उत्तरेपासून, घड्याळाच्या दिशेने. पुस्तकांनी पद्धत पहिल्यांची घेतली आणि प्रश्न दुसऱ्यांचे ठेवले, आणि हा निर्णय माझ्या मते साफ चुकला, निदान बदल झालाय एवढं एका ओळीत सांगायचं तरी. कारण मुलं पाठ काय करतात, तर 'एक्सला कॉस, वायला साइन'. आणि प्रश्न असतो: उत्तरेकडून पूर्वेला 30 अंश झुकून 10 किमी, मग सरळ पूर्वेला 6 किमी. इथे कोन उत्तरेपासून आहे म्हणून पूर्वेचा तुकडा साइनचा, 5, आणि उत्तरेचा कॉसचा, 8.66. पूर्वेला एकूण 11, वर्गांची बेरीज 121 अधिक 75 म्हणजे 196, उत्तर 14 किमी, छान सुटतं. पाठांतरवाला कॉस पूर्वेला लावतो, त्याचे पूर्वेला 14.66 आणि उत्तरेला 5, उत्तर 15.5 किमी. आकडा विचित्र दिसत नाही, एकूण चाललेल्या 16 किमीच्या आतच आहे, म्हणून चूक लक्षातच येत नाही. आकृती काढली असती तर बाण उत्तरेला जास्त कललेला लगेच दिसला असता, पण आकृती कोण काढतो.

दिशा काढताना तर अजून गंमत. कॅल्क्युलेटरवर दोन तुकड्यांचा भागाकार करून टॅन उलटा केला, म्हणजे त्यावरून कोन काढला, की उत्तर उणे 90 ते 90 मध्येच येतं, नैर्ऋत्येला गेलेला माणूस ईशान्येला दिसतो. म्हणून संगणकात दोन्ही तुकडे वेगळे घेणारं फंक्शन आलं. तर सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याला आधी वाय द्यायचा आणि मग एक्स, आणि एक्सेलमध्ये आधी एक्स आणि मग वाय.