शकुंतला नेमकी कोणाची? थोडी पार्श्वभूमी

शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली छोट्या रुळांची रेल्वे. तिचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, "ती अजून इंग्रजांचीच हाय, दरवर्षी पैसे लंडनला जाते." मी पण लहानपणी हेच ऐकलं. पण कागदावरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट कळल्याशिवाय आपण कोणाकडे काय मागायचं हेच कळत नाही.

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात न्यायचा आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना पाठवायचा, सगळी धडपड त्यासाठी होती. मेन लाईन जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मूर्तिजापूर-बडनेरावरून नागपूरला जाणारी, पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगाव, अचलपूरची रुई तिथपर्यंत बैलगाडीनं आणायची म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतलीच. असे फाटे टाकायला सरकारला स्वतःचा पैसा घालायचा नव्हता, म्हणून 1890 च्या दशकापासून खासगी कंपन्यांना सवलती देऊन बोलावणं सुरू झालं.

त्यातून 1910 मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. तिच्यामागे होती किलिक निक्सन, 1857 पासून मुंबईत धंदा करणारी पेढी. म्हणजे इंग्रजांनी काढलेली खरी, पण पेढी मुंबईची, आणि पुढं तीही भारतीय मालकांकडे गेली. मूर्तिजापूर-यवतमाळ साधारण 113 किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर 76 च्या आसपास आणि तिकडं पुलगाव-आर्वी 35, सगळे अडीच फुटी नॅरोगेज.

आता खरी मेख इथं आहे. रूळ कंपनीचे, पण गाडी चालवायची जीआयपीनं, आणि कमाईतला हिस्सा कंपनीला. जीआयपी 1925 मध्ये सरकारकडे गेली, 1951 मध्ये मध्य रेल्वे झाली, तरी हा करार तसाच पुढं चालत राहिला. लोक म्हणतात सरकार शकुंतला ताब्यात घ्यायला विसरलं, मला ते पटत नाही. दर दहा वर्षांनी करार वाढवायचा की लाईन विकत घ्यायची हा प्रश्न यायचा आणि प्रत्येक वेळी करारच वाढवला जायचा, मग विसरलं कसं म्हणायचं?

याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला. भाड्याच्या घराला भाडेकरू रंग लावत नाही आन् मालक म्हणतो राहतोस तू, तूच लाव, तसं रुळांचं झालं. स्लीपर सडले, वेग इतका उतरला की अचलपूरहून मूर्तिजापूरला चार-चार तास. 1921 चं मँचेस्टरचं वाफेचं झेडडी इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत याच लाईनवर राबलं, मग डिझेल आलं. पण एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त तिकीट होतं हो, मजूर, शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया याच गाडीत असायच्या, आणि त्यांच्यासाठी कोणी करार केला नव्हता.

2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली. त्यानंतर गाडीच बंद पडली, आधी यवतमाळची बाजू, मग अचलपूरची. लोकांनी आंदोलनं केली, अजून मागणी करून राहिले, आणि माझ्या मते त्या मागणीत "ब्रॉडगेज करा" च्या आधी "कंपनीचा हिस्सा एकदाचा मोकळा करा" हे लिहिलं पाहिजे, कारण रूळ ज्यांच्या नावावर आहेत ते नाव बदलल्याशिवाय दुसरा कुठलाच कागद हलत नाही.