इटालियन भाषापाठांतून ध्वनी व श्रवण-शिक्षण

लहान मुलांना इटालियन शिकवताना आवाज, कान आणि ऐकणे हाच पाठाचा विषय ठेवण्याची अध्यापनपद्धती. भाषा आणि विज्ञान एकाच तासाला शिकवण्याच्या आशय-भाषा एकात्मिक पद्धतीत ती मोडते. जलचक्र किंवा वनस्पतीही असे शिकवता येतात. पण ध्वनीचा विषय वेगळा पडतो. इथे मूल ज्या कानाविषयी शिकते, त्याच कानाने नवी भाषा पकडत असते.

इटालियनमध्ये व्यंजन किती वेळ धरले, यावर अर्थ ठरतो. ‘पाला’ म्हणजे फावडे, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘नोनो’ नववा, तर ‘नोन्नो’ आजोबा. मराठी कानाला ‘पती’ आणि ‘पत्ती’ यांतला फरक सवयीचा असतो. ज्यांच्या भाषेत असे जोडव्यंजन नाही, त्या मुलांना तो आधी ऐकूच येत नाही. म्हणून बोलायला लावण्यापूर्वी दोन चित्रे समोर ठेवून ऐकलेल्या शब्दाच्या चित्रावर बोट ठेवायला सांगतात. हा क्रम उलटा करू नये. न ऐकलेला फरक जिभेवर येत नाही.

घशावर बोट ठेवून ‘प’ आणि ‘ब’ उच्चारला की कंपन कुठे आहे ते मुलाला कळते. इटालियन व्याकरणात कंपनाच्या व्यंजनांना ‘सोनोरा’, म्हणजे नाद असलेली, आणि बिनकंपनाच्या व्यंजनांना ‘सोर्दा’, म्हणजे शब्दशः बहिरी म्हणतात. आवाज म्हणजे कंपन, हा भौतिकशास्त्राचा पहिला धडा इथेच होऊन जातो.

कानाचे अवयव शिकवणे या भाषेत फार सोपे जाते. कानाचा पडदा ‘तिम्पानो’. ऑर्केस्ट्रातल्या एका ढोलाचेही नाव तेच. पडद्यामागची तीन हाडे ‘मार्तेल्लो’ (हातोडा), ‘इन्कूदिने’ (ऐरण) आणि ‘स्ताफ्फा’ (रिकीब). आतला वळणदार भाग ‘क्योच्चोला’, म्हणजे गोगलगाय. सगळी नावे मुलाला चित्रात काढता येतील अशी आहेत. या भागांच्या अभ्यासातही इटालियन शरीरशास्त्रज्ञ आढळतात: कान व घसा जोडणाऱ्या नळीला सोळाव्या शतकातील बार्तोलोमेओ एउस्ताकी यांचे नाव आहे, तर गोगलगायीतल्या संवेदी इंद्रियाचे वर्णन आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये केले.

गोंधळाची जागा एकच, पण पक्की. ‘आल्तो’ म्हणजे उंच. संगीतात उंच स्वर म्हणजे जास्त वारंवारतेचा. पण ‘आ वोचे आल्ता’ म्हणजे मोठ्याने. मराठीत आपणही ‘आवाज चढवला’ म्हणतो तेव्हा स्वर चढतो की जोर, हे सांगत नाही. टेबलाच्या कडेला पट्टी दाबून छेडली, तर बाहेरचा भाग आखूड केल्यावर स्वर चढतो आणि नुसती जोरात छेडली तर आवाज मोठा होतो. शब्दांपेक्षा ही पट्टीच गुंता लवकर सोडवते.

क्रियापदेही शिकवण्यासारखी आहेत. ‘सेन्तीरे’ म्हणजे ऐकू येणे. थंडी वाजणे आणि वास येणे यांसाठीही तेच क्रियापद चालते. ‘आस्कोल्तारे’ मात्र कान देऊन ऐकणे. मराठीतल्या ‘ऐकू येते’ आणि ‘ऐकतो’ यांच्याजवळ जाणारा हा भेद आहे. प्राण्यांच्या आवाजांत मुले रमतात: इटालियन कोंबडा ‘किक्किरिकी’ आरवतो, कुत्रा ‘बाउ बाउ’ भुंकतो.

या परंपरेचे एक मूळ मारिया माँटेसरी यांच्या कामात आहे. रोममधल्या सान लोरेन्त्सो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये सुरू झाले. हलवून जोड्या लावायच्या आवाजाच्या डब्या आणि शांततेचा खेळ त्यांच्याच पद्धतीतले. या खेळात सगळे निश्चल बसतात, दुरून कुजबुजत नाव पुकारले जाते आणि ज्याचे नाव येते ते मूल आवाज न करता उठून जाते.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी हे पाठ स्पर्शावर उभे राहू शकतात: फुग्यावर तळहात, ढोलावर नाचणारे तांदूळ. इटालियन संकेतभाषेला इटलीत २०२१ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली आहे, आणि तिच्यातले काही संकेत ऐकू येणाऱ्या मुलांनाही याच तासाला शिकवता येतात.