दुखतं कुठे, त्यावर ठरतो ट्रॅकबॉल

माऊस वापरून हात दुखायला लागला की कुणीतरी ट्रॅकबॉल सुचवतंच. सल्ला बरा आहे, पण अर्धवट. ट्रॅकबॉल टेबलावर जागचा हलत नाही. फिरतो तो फक्त त्याच्यावरचा चेंडू. त्यामुळे खांद्याची आणि कोपराची ये-जा थांबते, माऊस धरून ठेवणारी पकडही सुटते. पण कर्सर हलवायचं काम संपत नाही, ते बोटांच्या वाट्याला येतं. कोणत्या बोटांच्या, हे पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

ट्रॅकबॉलच्या मुख्य जाती दोन. एकीत चेंडू बाजूला असतो आणि तो अंगठ्याने फिरवतात. लॉजिटेकच्या एमएक्स अर्गोमधला असा चेंडू 34 मिलिमीटरचा आहे. दुसरीत मोठा चेंडू मधोमध असतो, तो तर्जनीने, मधल्या बोटाने किंवा चक्क तळव्याने फिरवता येतो. केन्सिंग्टनच्या एक्सपर्ट माऊसमधला 55 मिलिमीटरचा आहे.

अंगठ्याचा प्रकार पटकन आवडतो, कारण हात माऊसवर असतो तसाच ठेवता येतो. पण दुखणं अंगठ्याच्या बुडाशी असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. या सांध्याची झीज झालेल्यांना बरणीचं झाकण उघडतानाही कळ येते, कारण अंगठ्याच्या टोकाला लावलेला जोर बुडाशी कित्येक पटींनी वाढून पोचतो. शिवाय अंगठा बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून सरकतात. ते आवरण जाड झालं की प्रत्येक हालचाल दुखते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी 1895 मध्ये वर्णन केलेला आजार तो हाच. अशा अंगठ्याला दिवसभर चेंडू फिरवायला लावणं म्हणजे दुखऱ्या जागेवरच काम टाकणं. उलट, दुखत असेल ती तर्जनी, तर हाच प्रकार सोयीचा.

बोटांना मुंग्या येत असतील तर गोष्ट वेगळी. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो, आणि मनगट वरच्या बाजूला वाकलं की आतला दाब वाढतो. मोठ्या चेंडूचे ट्रॅकबॉल बहुधा उंच असतात आणि हात नेमका तसाच वाकवतात. म्हणून उपकरणाची उंची पाहावी, तळहाताखाली आधार घ्यावा. रात्री झोपमोड करणारा बधिरपणा असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर मात्र आधी डॉक्टर.

चेंडूच्या आकाराचं गणित गमतीचं आहे. दोन्ही चेंडू भरीव आणि एकाच पदार्थाचे धरले, तर 55 मिलिमीटरचा चेंडू 34 च्या चौपट जड भरतो, पण फिरण्यातलं त्याचं जडत्व जवळजवळ अकरा पट होतं. एकदा टिचकी दिली की तो आपसूक फिरत राहतो आणि कर्सर पडदाभर जातो. ताठर बोटांना याचा मोठा फायदा, कारण सूक्ष्म हालचाल करावी लागत नाही. (कॅनडाच्या नौदलासाठी 1950 च्या दशकात बनवलेल्या ट्रॅकबॉलमध्ये तर चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता!) चेंडू ज्या तीन बारीक टेकूंवर बसतो, त्यांवर धूळ साठली की तो अडकतो आणि बोट नकळत जास्त दाबू लागतं. चेंडू काढून ते टेकू पुसायला मिनिटही लागत नाही.

क्लिकचा विचार बहुतेक जण विसरतात. कर्सर हलवणं सुसह्य झालं तरी बटण दाबून धरून एखादी फाइल ओढताना हात आवळला जातोच. त्यावर उपाय सेटिंगमध्ये मिळतो: बटण क्षणभर दाबलं की ‘धरलं’ आणि पुन्हा क्लिक केलं की ‘सोडलं’, अशी सोय विंडोजमध्ये ‘क्लिकलॉक’ नावाने आहे. बटणांची कामं बदलून मुख्य क्लिक न दुखणाऱ्या बोटाकडेही देता येतो. डाव्या हाताकडे काम वळवायचं असेल तर सममित आकाराचाच ट्रॅकबॉल घ्यावा. अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल उजव्या हातासाठीच घडवलेले असतात.