मुंबईची गोदी आणि शाळेतला इतिहास : पार्श्वभूमी

मस्जिद बंदर, चिंच बंदर, बोरीबंदर ही नावे मुंबईतल्या मुलांच्या रोजच्या ऐकण्यातली आहेत. पण त्या भागात उभे राहिल्यावर पाणी मात्र कुठेच दिसत नाही. समुद्रात भराव घालून किनारा पूर्वेकडे सरकवण्यात आला आणि बंदरे नावापुरती उरली. ‘इथे पाणी कुठे होते?’ हा आठवी-नववीच्या वर्गात सहज विचारता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि जुना व नवा नकाशा शेजारी ठेवले की मुलांना त्याचे उत्तर स्वतःच शोधता येते.

स्थानिक साधनांतून इतिहास वाचण्याची दृष्टी मराठीला नवी नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली. शाळेतला इतिहास मात्र दीर्घकाळ राजवटी, लढाया आणि सनावळ्यांतच अडकून राहिला. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला, आणि 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात उपयोजित इतिहास व ऐतिहासिक ठेव्यांचे जतन या विषयांना स्वतंत्र पाठ मिळाले. तरीही सहल म्हटली की किल्ला किंवा लेणी आठवतात, गोदी आठवत नाही, याची खंत वाटते.

वास्तविक या गोदीत जगाचा इतिहास सामावलेला आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईचा कापूसव्यापार एकाएकी फोफावला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळला.

14 एप्रिल 1944 रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर एकामागोमाग दोन प्रचंड स्फोट झाले. स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात भरलेल्या होत्या. पेटलेला कापूस वखारींवर आणि वस्त्यांवर जाऊन पडला, तर जहाजातल्या सोन्याच्या विटाही दूरवर उडाल्या. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. दरवर्षी 14 एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे, हे ठाऊक असलेल्या मुलांना दुसरे महायुद्ध दूरचे वाटत नाही. तसेच 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेल्या उठावाचे. त्याला गिरणगावातील कामगारांनी संप करून साथ दिली आणि त्यातील अनेकांनी रस्त्यावर गोळ्या झेलल्या.

अडचण आहे ती प्रवेशाची. गोदीचा बराचसा भाग भिंतीआड आणि सुरक्षाव्यवस्थेत असल्याने तेथे वर्ग नेणे सोपे नाही. त्यामुळे शिक्षकांना 1875 चा ससून डॉक, त्याचा मासळीबाजार आणि भाऊचा धक्का यांवर भिस्त ठेवावी लागते. धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराकडे निघालेल्या लाँचमधून मुलांना आपले शहर बंदराच्या बाजूने पाहता येते.