लग्नाच्या खर्चाने लेकीचा वाटा फिटतो का?

"बस्ता, मानपान, आंदण झाले की लेकीचा वावरातला वाटा फिटला," असा संदेश बीड-लातूरकडे वर्षानुवर्षे फिरतो आणि कर्ज काढून लग्न लावलेल्या बापाला तो पटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु हिंदू वारसा कायदा, १९५६ मधील २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला, ती विवाहित असली तरी, जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. लग्नखर्चाने तो संपतो, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदलेली वाटणी मात्र कायम राहते. खातरजमेसाठी तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढावेत: बहिणीने हक्क सोडल्याची नोंद असेल, तर त्या नोंदीला नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा आधार हवा, लग्नाच्या खर्चाची वही तिथे चालत नाही.