वाळवंटात खणाल तिथे वाळूच? नाही

वाळवंट म्हणजे खोलवर नुसती वाळू, आणि पाऊस पडला की पाणी क्षणात जिरणार, असा समज शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. दोष नावाचाच म्हणा! प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूने झाकलेला आहे.

अमेरिकेतल्या युटा आणि कोलोरॅडो राज्यांत मँकोस शेल हा करडा, मऊ खडक मैलोन्‌मैल उघडा पडला आहे. साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरचा हा चिखल. त्यावरची माती बऱ्याच ठिकाणी 50 सेंटिमीटरही नसते. थोडं खणलं की झिजलेल्या शेलच्या पापुद्र्यांसारख्या कपच्या लागतात. माती चिकण, वाळूचा अंश कमी. ओली झाली की फुगते आणि तिच्या फटी मिटतात; सुकली की भेगाळते. आपल्या काळ्या रानाचा स्वभाव ओळखीचा वाटेल, पण ती सुपीकता इथे शोधू नका. पाणी मुरण्याऐवजी वरून धावतं, म्हणून वळवासारख्या एका सरीतही ओढे गढूळ लोंढ्याने भरतात.

झाडोरा खुरटा असण्याचं खापर एकट्या पावसावर फोडतात, तेही अर्धसत्य. जुन्या समुद्राचे क्षार, जिप्सम आणि सेलेनियम या मातीत आहेत. तिथे टिकतात ती मुख्यतः खारं सोसणारी झुडपं. पाटपाणी दिलं की हेच क्षार विरघळून कोलोरॅडो नदीत उतरतात.