पॉलिमर क्लेचे मिनिएचर चार्म आणि दागिने

पॉलिमर क्ले नावाचं रंगीत, कणकेसारखं मळता येणारं प्लास्टिक घ्यायचं, त्यातून बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहूनही छोट्या वस्तू घडवायच्या, ओव्हनमध्ये भाजून पक्क्या करायच्या आणि कडी किंवा हूक लावून त्यांचं कानातलं, पेंडंट, ब्रेसलेट, किचेन असं काहीतरी करायचं, अशी ही हस्तकला आहे. यातल्या लटकवायच्या छोट्या नगाला चार्म म्हणतात. डोनट, मांजर, पुस्तक, मशरूम, ढग, काहीही चालतं.

नावात क्ले असलं तरी ही माती नाही. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारा तेलकट प्लास्टिसायझर, थोडं फिलर म्हणजे भर घालणारी पूड आणि रंग एवढंच त्यात असतं, पाणी अजिबात नसतं. म्हणून ती एअर ड्राय क्लेसारखी उघड्यावर वाळत नाही, महिनाभर एखादा नग अर्धवट ठेवला तरी नंतर परत हातात घेऊन काम चालू करता येतं, फक्त धुळीपासून झाकून ठेवावा लागतो. कडक होते ती उष्णतेनेच. गरम झाल्यावर प्लास्टिसायझर पीव्हीसीच्या कणांमध्ये शिरतो, कण फुगतात आणि एकमेकांत विरघळल्यासारखे जोडले जातात. म्हणजे इथे काही सुकत नाही, सगळं सांधलं जातं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं.

हा पदार्थ मुळात या कामासाठी निघालेलाच नव्हता. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ यांच्याकडे १९३९ च्या सुमाराला असा पदार्थ आला, कारखान्यात तो काही उपयोगी पडला नाही, मग तो गेला त्यांच्या मुलीकडे, सोफीकडे. घरात तिला फिफी म्हणायचे. पुढे ते मिश्रण एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं आणि १९६० च्या दशकात फिमो या नावाने बाजारात आणलं, त्या नावातला ‘फि’ म्हणजे फिफीच. आज तो ब्रँड श्टेडलरकडे आहे. तिकडे अमेरिकेत स्कल्पी या दुसऱ्या ब्रँडची गोष्ट पण तशीच, वीजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढायला म्हणून केलेला पदार्थ त्या कामाला चालला नाही आणि मॉडेलिंगसाठी मात्र मस्त निघाला. १९८० नंतर अमेरिकेतले दागिने बनवणारे कलाकार याकडे गंभीरपणे वळले, त्यात पिअर वूल्कस हे नाव महत्त्वाचं आहे. विस्कॉन्सिनमधल्या रसीन आर्ट म्युझियममध्ये आता पॉलिमर कलेचा मोठा संग्रह आहे, त्यामुळे याला नुसता पोरांचा छंद समजणं चुकीचं आहे.

कामाला सुरुवात मळण्यापासून. पाकिटातली क्ले जरा घट्ट आणि ठिसूळ असते, ती हातात किंवा पास्ता मशीनमधून (रोलरमधून पातळ पट्टी काढणारं यंत्र) काढून एकसारखी लवचिक होईपर्यंत मळायची, घडी घालून वाकवली की तडा जायला नको. उलट फारच चिकट, मऊ क्ले आली तर साध्या कागदात दाबून थोडा वेळ ठेवायची, जास्तीचं तेल कागद शोषून घेतो. पांढरा आणि फिकट रंग नेहमी आधी वापरायचे कारण पांढरी क्ले धूळ, केस, स्वेटरचे धागे, सगळं ओढून घेते आणि गडद लाल मळलेल्या हाताने ती धरली की गुलाबी झालीच म्हणून समजा. वेट वाइप्स जवळ असू द्या.

मिनिएचरची खरी मजा प्रमाणात आहे. बाहुलीघरांचं नेहमीचं प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्या एक फुटाची वस्तू इथे एक इंचाची. चार्म करताना एवढं काटेकोर राहायची गरज नसते, पण नगातले सगळे भाग एकाच प्रमाणात पाहिजेत, नाहीतर छान घडवलेल्या केकवर पेरलेले दाणे दगडांसारखे दिसतात. महागड्या टूल्सची मला तरी गरज वाटत नाही. सुई, टूथपिक, पातळ ब्लेड आणि जुना टूथब्रश यावर भरपूर काम होतं, ब्रशचे केस हलकेच टोचले की बिस्किटाचा खरखरीतपणा लगेच येतो. भाजलेला तपकिरी रंग आणायला सॉफ्ट पेस्टल खडू खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशने कच्च्या क्लेवर लावतात, आधी फिकट पिवळसर, मग कडेला तपकिरी. आणि फळं किंवा आयसिंग करताना रंगात ट्रान्सलुसंट म्हणजे अर्धपारदर्शक क्ले मिसळायची, त्याने प्रकाश थोडा आत शिरतो आणि वस्तू खडूसारखी मेलेली दिसत नाही.

संत्र्याच्या चकत्या किंवा फुलं एकसारखी हवी असतील तर केन करतात. रंगांच्या पट्ट्या आणि पाकळ्या जोडून एक जाड दांडा बनवायचा, तो सगळीकडून सारखा दाबत आणि ओढत बारीक करायचा, आतलं चित्र तसंच राहून लहान होत जातं, मग थोडा थंड करून पातळ चकत्या कापायच्या. ही युक्ती काचकामातल्या मिलेफिओरीवरून, म्हणजे रंगीत काचेच्या दांड्या जोडून नक्षी करायच्या पद्धतीवरून आलेली आहे. रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू जायला हवा असेल तर स्किनर ब्लेंड, ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत, दोन रंगांचे त्रिकोण जोडून तोच तुकडा एकाच दिशेने घडी घालत परत परत मशीनमधून काढायचा.

आता भाजणं, आणि माझ्या मते नगाचं आयुष्य इथेच ठरतं, बोटांतल्या कौशल्याने नाही. तापमान ब्रँडप्रमाणे बदलतं, फिमोला ११० डिग्री सेल्सिअस आणि ३० मिनिटं, स्कल्पीच्या बऱ्याच प्रकारांना १३० च्या आसपास, केटो पॉलिक्ले या ब्रँडला १५० पर्यंत, म्हणून पाकीट वाचायचंच. लोक जळायच्या भीतीने लवकर बाहेर काढतात, नग वरून कडक लागतो पण आतले कण नीट सांधलेले नसतात आणि तो चार दिवसांत तुटतो. नीट भाजलेला पातळ तुकडा थोडा वाकतो, कच्चा राहिलेला कट्कन मोडतो. योग्य तापमानात वेळ जास्त झाला तर नुकसान होत नाही, नुकसान होतं तापमान चढल्याने. छोट्या ओव्हनच्या डायलवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, नग सिरॅमिक टाइलवर मांडा आणि वरून फॉइलचं झाकण घाला म्हणजे कॉइलची थेट आच लागून पांढरा रंग पिवळा पडणार नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. जळलीच तर पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा धूर निघतो, लगेच ओव्हन बंद करून खिडक्या उघडायच्या आणि तिथून बाजूला व्हायचं.

दागिना म्हणून टिकायला कडीचं काम पक्कं लागतं. आय पिन, म्हणजे टोकाला गोल डोळा असलेली तारेची पिन, कच्च्या क्लेमध्ये नुसती खुपसली तर भाजल्यावर ती ओढून निघू शकते, म्हणून तिचं टोक वाकवून, लिक्विड क्लेचा (पातळ, द्रवरूप पॉलिमर क्ले) थेंब लावून आत बसवायची. जंप रिंग, म्हणजे चार्म अडकवायची छोटी तारेची कडी, उघडताना दोन पकडींनी टोकं पुढेमागे फिरवायची, बाजूला फाकवली तर तिचा गोल बिघडतो आणि नंतर फट राहून चार्म कधी गळून पडला कळत पण नाही.

फिनिशिंगला पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर, ४०० नंबरपासून १००० पर्यंत चढत जायचा (नंबर वाढेल तसा कागद बारीक होतो), मग कापडाने घासायचं. चकाकी हवी असेल तर पाण्यावर आधारित वार्निश किंवा यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशात कडक होणारा पातळ थर. नेलपॉलिश लावू नका, काही दिवसांनी ती चिकट होते आणि मग कितीही पुसा, जात नाही. बऱ्याच स्प्रे वार्निशचंही तसंच होतं. उरलेली कच्ची क्ले पॉलिइथिलीनच्या पिशवीत उन्हापासून लांब ठेवायची. पॉलिस्टायरीनच्या कडक पारदर्शक डब्यात ठेवली तर प्लास्टिसायझर डब्यालाच विरघळवायला लागतो.

या कामाची भांडी, ब्लेड, पास्ता मशीन परत जेवणासाठी वापरायची नाहीत, आणि या क्लेचे कपबशा वगैरे खाण्यापिण्याच्या वापरासाठी करायचे नाहीत. खाऊसारखे दिसणारे चार्म लहान मुलांच्या हातात तर देऊच नका, ती पटकन तोंडात घालतात.

चार्म तुटला तर टाकून द्यायची घाई नको. भाजलेली क्ले पुन्हा भाजता येते, तुटलेल्या जागी लिक्विड क्ले लावून, हवा तर नवा तुकडा जोडून परत ओव्हनमध्ये ठेवला की जोड धरतो. फक्त वर रेझिन किंवा वार्निश असेल तर जोडाच्या जागेवरचं आधी घासून काढावं लागतं.